वहिनींचे डोहाळे

“आलेच हं!” म्हणत शेजारच्या वहिनी ताटावरून उठायच्या आणि टमरेल घेऊन गॅलरीच्या टोकाला पळायच्या. लालबागच्या आमच्या चाळीत उलटीचा आवाज लपतो थोडाच? बायकांनी निकाल लावून टाकला, वहिनींना दिवस गेले!

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. त्यात गिरण्यांचा संप, घरोघरी पेज. तरी कुणी चिंचा आणल्या, कुणी सुकटीची चटणी. मी उरलेला गूळ घालून घावणे केले. संपावर बसलेले त्यांचे यजमान, आमचे भावजी, कित्येक दिवसांनी हसले. वहिनींनी सगळं खाल्लं, आणि पुन्हा पळाल्या.

तुम्हीही तेच समजला असतात. गाल कसे गरगरीत झाले होते! पण कपडे पिळताना त्यांची बोटं आखडायची, पुढचे दात झिजून काचेसारखे पातळ झालेले. मला मेलीला धास्ती वाटायची. पोट दिसेना, ते वेगळंच.

एक दिवस नळावर हंडा उचलताना त्या कोसळल्या. टॅक्सी करून परळच्या इस्पितळात नेलं. छातीच्या ठोक्यांची कागदी पट्टी बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ठोके चुकतायत. उलट्या कधीपासून?”

“दिवस गेल्यापासून,” भावजी कौतुकानं म्हणाले.

वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. मी कानाशी वाकले. “काय असेल ते बोला हो. जीव जाईल!”

“कुठल्या तोंडानं सांगू, ताई? लोकांच्या चुली पेटत नाहीत, आणि मी खाल्लेलं…” मग डॉक्टरीणबाईंकडे बघून त्या म्हणाल्या, “बाळ नाही. उलट्या मीच काढते, घशात बोटं घालून. माहेरी होते तेव्हापासून. आधी कधीमधी, चोरून; हल्ली आवरतच नाही.”

मला रडूच फुटलं. डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. “हा आजार आहे, जाड होण्याच्या भीतीनं खाल्लेलं बाहेर काढावंसं वाटतं. उलट्यांनी अंगातले क्षार गेले, म्हणून काळीज असं वागतंय. सलाईननं ते भरून काढू. दात आंबटानं झिजलेत, ते काही परत यायचे नाहीत. आणि मनाच्या डॉक्टरकडे जावं लागेल.”

“वेड्यांच्या?” भावजी दचकले. पण पुढे दर आठवड्याला तेच त्यांना चालत घेऊन गेले. संपात वेळच वेळ होता म्हणा!

जेवणानंतर तासभर वहिनींना एकटं सोडायचं नाही, असं मनाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी शेजारी ठाण मांडायची. त्यांना दरदरून घाम फुटायचा. “सोडा हो ताई, जीव घाबरा होतोय.” “होऊ दे. बसा!” कधी कधी मला चुकवून त्या पळायच्याच. मग दोघी रडायचो.

गिरणी काही उघडली नाही. खोली सोडून ती दोघं कोकणात निघाली. बोचकी बांधून झाली, पेज खाऊन झाली, तशा वहिनी म्हणाल्या, “ताई, तुम्ही जा घरात. गावी हे शेतावर असणार, माझ्यापाशी कोण बसणार? आज एकटी बसून बघते.”

मी गेले, पण कान बाहेरच. शेवटी राहवेना, डोकावले. कठडा दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून वहिनी तिथंच बसल्या होत्या.