नाव झाकून

माझी फजिती मीच सांगून टाकते बाई. नाहीतर आमच्या ऑफिसातला कारकून सावंत तिखटमीठ लावून सांगेल, आणि ते जास्त महागात पडेल.

वाशीच्या मार्केटजवळ आमचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथे माणसं नेमायचं काम माझं. मालक म्हणजे शेठ, इथल्याच गावचे. मनाने सोनं, पण सुपरवायझरची जागा निघाली की त्यांचं एकच पालुपद, बाईमाणूस नको. ट्रक, हमाल, शिव्या, हे बाईला झेपायचं नाही.

या वेळी मी हटूनच बसले. म्हटलं, नावंच झाकू! सावंत अर्ज मोठ्याने वाचेल. आपण ऐकायचं, माणूस निवडायचा, पगारही ठरवायचा. नाव सगळ्यात शेवटी. अर्ज इंग्रजीत, त्यामुळे बाई की बुवा, कळायची सोयच नाही. आहे की नाही डोकं? बायकांवरचा अन्याय मी एका दुपारी मिटवणार होते.

सावंत वाचत गेला. एका अर्जात लिहिलं होतं, हमालांची अख्खी टोळी माझ्या शब्दावर चालते, माझ्याशिवाय ट्रक हलत नाही. माझं टाळकंच सरकलं.

"हा नको," मी म्हटलं. "नुसती पुरुषी घमेंड. स्वतःची केवढी टिमकी वाजवतो!"

मी उचलून धरला तो दुसरा अर्ज. नम्र, नीटनेटका, सगळ्यांना सांभाळून घेणारा. ही नक्की बाई, पैजेवर सांगते!

शेठना मात्र टिमकीवालाच आवडला. गडी दमदार दिसतोय, त्याला घर चालवायचं असेल, म्हणून पगारही सढळ हाताने लावला. मी कपाळावर हात मारला.

मग सावंतने नावं वाचली. माझा नम्र अर्ज निघाला कोपरखैरण्याच्या एका मिशीवाल्या काकांचा. आणि टिमकीवाला? सारसोळ्याची रेश्मा.

शेठ माझ्याकडे बघत राहिले. "मी गडी समजून घेतला, तुमी गडी समजून टाकला. मंग बाईच्या बाजूनं कोन होतं, मॅडम?"

सावंत खिडकीबाहेर बघून हसत होता. पण मीही कच्ची नाही हं. तिथल्या तिथे शेठना शब्दात पकडलं, ठरलेल्या पगारातून आता एक रुपया कमी करायचा नाही. शेठ दिल्या शब्दाला जागणारे, मान हलवली. रेश्माला जागा मिळाली, पगारही पुरता. शेवटी जिंकलं कोण?

संध्याकाळी तिचं नेमणूकपत्र टाइप करायला बसले आणि पगाराच्या आकड्यापाशी हात थांबला. माझ्यापेक्षा जास्त! इतकी वर्षं मी इथे घासतेय. पण माझा पगार शेठनी मला समोर बसवून, तोंड बघून ठरवला होता ना.

दुसऱ्या दिवशी मीही पगारवाढीचा अर्ज दिला. नाव झाकून, इंग्रजीत, चांगला दणदणीत. सावंतने तो वाचला, शेठनी डोळे मिटून ऐकला. पगार वाढवला, थेट रेश्माच्या बरोबरीला आणला. आणि वर म्हणाले,

"गडी कामाचा हाय, मॅडम. पन टिमकी लय वाजवतो."