हजेरीमास्तरांची रजा

१४ नोव्हेंबरच्या बिलांत ३,८६२ रुपयांची तूट निघाली. रक्कम मोठी नव्हती, पण तिच्यापायी एका माणसाची रजा गेली.

आमचा धंदा पंपांच्या सुट्या भागांचा. एक गोदाम, चार शाखा आणि सगळे संगणक सांभाळायला एकच माणूस. रोज सकाळी सर्वांच्या आधी येऊन तो माल बनवणाऱ्या कारखान्याच्या साइटवरून त्या दिवसाची दरयादी उतरवून घेई, शाखांचे संगणक जागे आहेत ना ते एकेकाला पडद्यावरून हाक मारून पाही, यादी तिकडे पाठवी आणि आदल्या दिवसाच्या हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवी. त्या रोजच्या हाकांवरून त्याला हजेरीमास्तर हे नाव पडले. अंगात ताप असला तरी मास्तर मफलर गुंडाळून येत आणि पडद्यासमोर डुलक्या काढत.

मग त्यांच्या ताईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. आई लवकर गेली, तेव्हा मास्तरांना ताईंनीच वाढवले होते. आता त्या दुसऱ्या गावी एकट्याच राहत. पहिले पाऊल टाकताना तू हाताशी हवास, एवढेच त्यांनी मागितले.

मास्तरांनी महिनाभर खपून सकाळची सगळी कामे स्क्रिप्टमध्ये बसवली. आपण एकेक करून द्यायच्या त्या आज्ञा एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवायच्या, म्हणजे संगणक ठरल्या वेळी त्या वरून खाली वाचतो आणि पार पाडतो, असे त्यांनी मला समजावले. शेवटच्या ओळीने माझ्या, म्हणजे व्यवस्थापकाच्या, फोनवर संदेश येई, ‘सर्व ठीक.’ मालकांनी आठ दिवसांची रजा दिली, पण कामात खोट आली तर लगेच परत यायचे, या अटीवर.

“बरं झालं,” गोदामातल्या बाई मास्तरांना म्हणाल्या, “हे यंत्र निदान सारखा चहा तरी मागणार नाही.”

मास्तर हसले, पण दमलेला माणूस हसतो तसे.

पहिले तीन दिवस नीट गेले. चौथ्या दिवशीही सकाळी ‘सर्व ठीक’ आले. दुपारी बाई एक व्हॉल्व्ह आणि दोन बिले घेऊन माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. कारखान्याने त्या सकाळी दर वाढवला होता आणि आम्ही जुन्याच दराने माल विकत होतो.

मी मास्तरांना फोन लावला. मागे दवाखान्यातल्या ढकलखुर्चीची चाके कुरकुरत होती. त्यांनी मला सकाळच्या कामांच्या नोंदींची फाइल उघडून वाचायला लावली. कारखान्याची साइट नवा पासवर्ड मागत होती, त्यामुळे यादी उतरलीच नव्हती. पण एक ओळ फसली म्हणून संगणक थांबत नाही. थांब असे लिहिले नसेल, तर तो पुढची ओळ वाचतो. त्याने कालचीच यादी चारही शाखांना इमानेइतबारे पाठवली आणि वर ‘सर्व ठीक’ असेही कळवले.

मास्तरांनी मला शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली.

“ती ओळ मी सवयीनं लिहिली, साहेब. कुणी काही विचारलं की ठीक म्हणायचं, घरी काय नि ऑफिसात काय. यंत्रालाही तेच शिकवलं.”

ते सांगतील तसे मी टाइप करतो, फोनवरच दुरुस्ती होईल, असे मी मालकांना सांगून पाहिले. आज दर चुकला, उद्या हिशेब बुडेल, अट म्हणजे अट, असे ते म्हणाले. ताईंना उभे करायचे होते ते दुसऱ्या दिवशी.

त्या दुसऱ्या दिवशी मास्तर आपल्या खुर्चीत होते. प्रवासाची बॅग टेबलाखाली तशीच पडली होती. प्रत्येक आज्ञेनंतर त्यांनी, काम झाले का ते बघ आणि नसेल तर तिथेच थांबून कळव, अशी ओळ घातली. ‘सर्व ठीक’ खोडून टाकले. आता मला येणारे संदेश लांब आणि कंटाळवाणे असतात. यादी आली, तीन शाखा हजर, चौथी गैरहजर.

संध्याकाळी ताईंचा फोन आला, तेव्हा मी शेजारीच होतो. सगळं ठीक आहे रे, तू काळजी करू नकोस, असे त्या म्हणाल्याचे मलाही ऐकू आले.

मास्तरांनी डोळे मिटले. “ते ‘ठीक’ राहू दे, ताई. कुठवर चाललीस ते सांग.”



“दारापर्यंत. नर्सचा हात धरून.”

मास्तरांनी फोन ठेवला आणि चौथ्या शाखेला पुन्हा हाक मारली.

ते ३,८६२ रुपये पुढच्या बिलांत वसूल झाले. मास्तरांच्या मंजूर रजेतले चार दिवस ऑफिसकडे अजून बाकी आहेत.