झाड नेले, माती राहिली

जपानच्या कोची प्रांतात, डोंगरातल्या आमच्या गावात दाढी करून घ्यायची तर किनुयोबाईंच्याच खुर्चीत बसावे लागते. दुसरे दुकान घाटापलीकडे आहे. त्यामुळे ज्या माणसाचा त्यांना सर्वांत जास्त राग होता, त्याची दाढीही इतकी वर्षे त्यांनीच केली. दर दुसऱ्या शनिवारी तो मान मागे टाकून डोळे मिटायचा आणि त्या शांतपणे वस्तरा चालवायच्या.

माझी सहकारी संघाची कचेरी त्यांच्या दुकानाला लागूनच. शनिवारी माझा नंबर बहुधा त्याच्या मागे लागे, म्हणून हे सगळे मला माहीत आहे.

किनुयोबाईंचा नवरा शिगेझो लाकूडतोडीला जायचा. डोंगरात नवा रस्ता निघाला तेव्हा यंत्र फिरण्याआधी त्याने सुगीच्या, म्हणजे जपानी देवदाराच्या, झाडांखालून एक एबिने उपटून आणले. एबिने म्हणजे आमच्याकडचे जमिनीत वाढणारे ऑर्किड. तपकिरी पाकळ्या, पांढरा ओठ. कुणाच्या परसात नाही असे नाही. हे मात्र फुलले ते कोवळ्या पानासारखे हिरवे. तपकिरीचा ठिपकाही नाही. शिगेझोने कुणाला सांगितले नाही, फोटोही काढला नाही. अशी झाडे रातोरात उपटली जातात हे त्याला ठाऊक होते. त्याने फक्त दात कोरायच्या काडीने त्याच फुलाचे पराग त्याच फुलाला लावले. शरद ऋतूत शेंग उकलली. आत बी कसले, पिवळी धूळच. ती त्याने औषधाच्या पुडीत बांधून चहाच्या डब्यात घातली आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. "यातून झाड करायचं म्हणजे प्रयोगशाळा लागते, काचेच्या बाटल्या लागतात. पाठवू कधीतरी," म्हणाला. त्याच हिवाळ्यात तो गेला.

पुढच्या वसंतात सागावा दाढीला बसला असताना त्याला आरशात मागचे दार दिसले, दारापलीकडे उमेचे, म्हणजे जपानी जर्दाळूचे, झाड आणि त्याखाली ते हिरवे फूल. तामोत्सु सागावा हा गावातला साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, दुकानदार आणि आमच्या ऑर्किड मंडळाचा अध्यक्ष. साबण तसाच गालावर ठेवून तो उठला.

"वहिनी, हे असं कोपऱ्यात ठेवलंय? दोन आठवडे माझ्याकडे द्या. जाणकारांना दाखवतो. शिगेझोचं नाव लागेल फुलाला, बघा तुम्ही."

नवऱ्याचे नाव लागणार म्हटल्यावर बाईंनी स्वतः झाड खणून दिले. सागावाने शब्दाप्रमाणे दोन आठवड्यांनी कुंडी परत आणली. फूल तोवर ओसरले होते. एबिनेची पाने सगळी सारखीच असतात. फूल आल्याशिवाय कुणालाही ओळखता येत नाही. बाईंनी वर्षभर त्या कुंडीची मनापासून काळजी घेतली. वसंतात फूल आले ते तपकिरी.

त्याच आठवड्यात मंडळाचे प्रदर्शन होते. मधल्या काळ्या लाखेच्या चौरंगावर हिरवे एबिने, आणि पुढे चिठ्ठी: 'हिसानो'. हिसानो म्हणजे सागावाची बायको.

"सागावासाहेब, हे माझं आहे," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या.

तो हसला. "बाई, फुलावर कुणाचं नाव लिहिलेलं असतं का? शिगेझो गेल्यापासून तुमचं मन थाऱ्यावर नाही. चहा घ्या, बसा."

लोकांनी माना खाली घातल्या. बाई चहा न घेता घरी आल्या. मी म्हणालो, "पोलिसात जा."

"काय सांगू? कुंडीतलं झाड बदललं म्हणून?"

"मग त्याची दाढी तरी करू नका."

"का नको? दर पंधरवड्याला त्याचा गळा माझ्या बोटांखाली असतो." त्यांनी वस्तरा पुसला. "पण कापला तर तो मरेल नुसता. हरणार नाही. मला तो हरायला हवाय."

मग त्यांना चहाचा डबा आठवला.

ऑर्किडच्या बियात खायला काहीच नसते. मातीतली विशिष्ट बुरशी त्याला भरवते, तेव्हा ते रुजते. प्रयोगशाळेत बाटलीतली साखर ते काम करते. बाईंना बाटलीचा मार्ग नको होता, कारण प्रयोगशाळांशी ओळखी सागावाच्या होत्या. मंडळातले जुने लोक पुठ्ठ्यावर बी रुजवण्याविषयी बोलत, ते त्यांनी दाढ्या करता करता काढून घेतले. शांपूच्या खोक्यांचा पन्हळी पुठ्ठा भिजवून त्याच्या पट्ट्या कुंडीत उभ्या केल्या, अर्धी धूळ त्यांवर भुरभुरली, वर विकतची स्वच्छ माती घातली. वर्षभर ओल जाऊ दिली नाही. पुठ्ठा कुजला, उगवले काहीच नाही.

मी समजूत घालायला गेलो. बाई उमेच्या झाडाखाली उकिडव्या बसून माती हुंगत होत्या.

"हे बघा." त्यांनी काळी, तुटकी मुळे दाखवली. "तो झाड घेऊन गेला. माती इथंच राहिली. त्या बियाला भरवणारी बुरशी याच मातीत असणार ना?"

उरलेली सगळी धूळ त्यांनी नव्या पुठ्ठ्यावर भुरभुरून त्या मातीत पेरली. हे फसले असते तर शिगेझोचे काहीच मागे उरले नसते. दुसऱ्या वसंतात त्यांनी पुठ्ठ्याचे एक टोक हळूच उचलले. पन्हळीत तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे चिकटले होते; बी रुजले होते. बाई हसल्या. ते हसू चांगले नव्हते.

सागावा मात्र खुर्चीत बसून फुशारकी मारायचा. "माझ्या हिसानोला मी एकदाही बी धरू दिलं नाही. फूल ओसरलं की दांडा छाटलाच. नाहीतर उद्या कुणीही उठून पोरं काढेल. जगात एकच आहे ती!"

"एकच?" बाई विचारायच्या.

"एकच!"

"जरा मोठ्यानं सांगा, साहेब. मागे बसलेल्यांना ऐकू आलं नाही."

तो मोठ्याने सांगायचा. गावातल्या प्रत्येक पुरुषाने ते कधी ना कधी ऐकले.

रोपे वाढली. सगळ्यांत मोठ्याला आधी फूल आले. तो महिनाभर बाईंनी मागच्या दाराला पडदा लावला. फूल हिरवे होते. बाकीच्यांचे दांडे दिसताच त्या केस कापायच्या कात्रीने छाटत राहिल्या. अखेर एका शरद ऋतूत त्यांनी घरोघर रोपे वाटली. मासेवाल्या तोमिएने थर्मोकोलचे खोके दिले, बाईंनी त्यात ती लावून दारादारात ठेवली.

"साधीच आहेत," म्हणायच्या. "रस्त्याच्या बाजूला ठेवा, कुणी नाव विचारलं तर शिगेझो सांगा, एवढंच. आणि एकही रोप सागावाकडे देऊ नका."

"का गं?" तोमिएने विचारले.

"त्याच्याकडे आहे की."

वसंतातल्या प्रदर्शनाच्या दिवशी कोची शहरातून परीक्षक आले आणि स्टेशनवरून चालत निघाले. सभागृहातले मी तोमिएकडून ऐकले, कारण त्या वेळी मी बाईंच्या खुर्चीत होतो. परीक्षकांनी चौरंगावरचे फूल निरखले आणि म्हणाले, "सुंदर. येताना मासेवालीकडे असंच पाहिलं, बांगड्यांशेजारी. सायकलच्या दुकानात पाहिलं. नाव विचारलं, तर शिगेझो म्हणाले. इकडे पुष्कळ होतं वाटतं हे?"

लोक हसले. सागावा धावत बाहेर गेला. एक दार पाहिले, दुसरे पाहिले, आणि तडक बाईंच्या दुकानात शिरला. मागे परीक्षक, मंडळ, अर्धे गाव. माझा एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता.

"चोर!" तो ओरडला. "ही सगळी माझ्या हिसानोची पोरं आहेत!"

बाईंनी वस्तरा माझ्या गालावरून उचलला. "नीट बघा हं, साहेब. दुसऱ्या कुठल्या झाडाची असतील."

"मी आंधळा नाही! तोच हिरवा, तोच ओठ. हिचीच आहेत!"

"नक्की?"

"शपथेवर सांगतो!"

"बरं. तिला बी तुम्ही कधी धरू दिलं?"

"कधीच नाही! सगळ्या गावाला—"

तो थांबला.

"तुमच्याकडे आल्यापासून तिला बी धरलं नाही," बाई म्हणाल्या. "आणि पोरं तर तिचीच. मग ती कुणाच्या घरी झाली, साहेब?"

सागावाने परीक्षकांकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते. दारातून कुणीतरी म्हणाले, "सांगा की, आम्ही ऐकतोय." तो दाराकडे वळला. लोकांनी त्याला वाट करून दिली, आणि ती वाट फार लांब झाली, कारण कुणीच पुढे होऊन त्याच्याबरोबर चालले नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. "साबण वाळला. पुन्हा लावते."

त्याने अध्यक्षपद सोडले. चौरंगावरची चिठ्ठी मंडळानेच बदलली. तिच्यावर आता शिगेझोचे नाव आहे. हिसानोबाई तोमिएकडे मासे घ्यायला येईनाशा झाल्या. "त्या बिचारीचा काय दोष?" मी म्हणालो.

"काहीच नाही," किनुयोबाई म्हणाल्या. "वाईट वाटतं मला. पण आणखी एकदा करायचं म्हटलं तरी करीन."

दाढीसाठी सागावा घाटापलीकडे जाऊ लागला. हे कळल्यावर बाईंनी उरलेल्यांतले सर्वांत भरदार रोप चांगल्या कुंडीत लावले. माझे तिकडे कचेरीचे काम निघते, म्हणून ते त्या न्हाव्याला भेट द्यायला त्यांनी माझ्याकडे दिले. "आरशापुढे ठेवायला सांगा. उजेड चांगला असतो तिथं."

वसंतात मी परत गेलो आणि येऊन त्यांना सांगितले. फूल आले होते. सागावाने ते हलवायला सांगितले. न्हावी म्हणाला, भेट आलेली वस्तू कशी हलवू?

"मग? उठून गेला?"

"जाणार कुठे? पुढचं दुकान शहरात. डोळे घट्ट मिटून बसून राहिला."

"दाढी होईपर्यंत?"

"होईपर्यंत."

बाईंनी माझ्या गळ्याभोवती टॉवेल बांधला आणि पाणी गरम आहे का ते बोटाने पाहिले.

"तो न्हावी," त्यांनी विचारले, "सावकाश करतो ना दाढी?"