गर्दी नसलेलं कोर्ट

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, आणि अख्ख्या घराण्याला बंद कोर्टात नेणाराही पहिला मीच.

त्याआधीचे हाल सांगतो. तलमडुगुजवळच्या आमच्या शेताला वाटच नव्हती. बाबांचे चुलतभाऊ किसनकाका यांनी धुऱ्यावर, म्हणजे त्यांच्या शेताच्या बांधावर, काटे टाकून गाडीवाट बंद केलेली. कापसाची गाठोडी माय डोक्यावर घेऊन नाल्यातून यायची. आदिलाबादच्या कोर्टात दावा लावला, तर कधी जज्जसाहेब रजेवर, कधी त्यांची बदली, नवे आले की ते ट्रेनिंगला!

"पेरणीच्या आधी वाट मोकळी झाली पाह्यजे रे," बाबा म्हणाले.

"मग आताच जाऊ, मे लागलाच आहे. मागच्या मे महिन्यात मी बसमधून पाह्यलं, कोर्टासमोर एक माणूस नव्हता. जज्जसाहेब निवांत भेटतील!" (बीएला तर्कशास्त्र होतं मला.)

"वकिलाले इचारू का?"

"त्याले काय इचारता? मी आहो ना!"

बातमी काकांना लागली. आम्ही एकटे जज्जला भेटणार म्हणजे काय! सकाळी गावातल्या एकुलत्या ऑटोत काका-काकू आमच्या मांडीला मांडी लावून हजर. बोलणं मात्र ऑटोवाल्यामार्फत.

"त्याइले सांग, पाय आवरा म्हणा!" काका म्हणाले.

"त्याइले सांग, हा ऑटो आहे, त्याइचा धुरा नाही!" बाबा म्हणाले.

कोर्टाला हे भलं मोठं कुलूप! चौकीदार म्हणाला, "छुट्टियाँ हैं. साब अब जून में बैठेंगे. अर्जंटवाले जज साब भी आज नहीं हैं."

"कोर्टालेही उन्हाळ्याच्या सुट्ट्या असतेत?" मायनं विचारलं. चौकीदाराला नाही, मला.

ऑटो संध्याकाळी परतणार होता आणि सावलीचं झाड एकच. मायनं भाकरी-ठेचा सोडला. काकूनं लोणचं पुढं सरकवलं.

"काऊन रे बीए," काका मला म्हणाले, "कॉलेजात उघडं कोर्ट शिकवलं नाही का?"

बाबांना हसू फुटलं. मग काकांना. दोघं ठसका लागेस्तोवर हसले! मी भाकरीत तोंड लपवलं.

"दादा," काका डोळे पुसत म्हणाले, "हे पोरगं पुढच्या खेपेले आपल्याले दिल्लीले नेईन. त्यापरीस तू ने गाडी माह्या धुऱ्यावरून!"

जूनमध्ये कोर्ट उघडल्यावर दोघांनी समझोता दाखल केला. जज्जसाहेब चक्क जागेवर होते!

पेरणीचं बियाणं बैलगाडीतून थेट शेतात गेलं. मायच्या डोक्यावर फक्त पदर होता. एवढ्या जज्जांना न सुटलेला दावा मी सोडवला. त्यासाठी कोर्ट तेवढं बंद लागलं!