ओला ससा

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण लॉन्ड्रीत ते इतकं चिकटलं होतं की हजेरीला खरं नाव पुकारलं की नव्या मुली इकडेतिकडे बघायच्या. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलांवरची कापडं तिथे गाड्या भरभरून यायची. भिंगरी डाग काढायच्या टेबलावर असायची. चहा उभ्यानंच प्यायची. बोलता बोलता समोरच्याच्या कॉलरवरचा धागा उचलायची. डाग दिसला की तिला राहवत नसे. वाइन, रक्त, शाई, लिपस्टिक, प्रत्येकाची खोड तिला ठाऊक होती.

"डाग म्हणजे आगाऊ पाहुणा," ती मुलींना सांगायची. "टेकू द्यायचाच नाही."

घरी थोरला भाऊ होता. दादा. नाटकगृहात दिव्यांचं काम करायचा. शिडीवरून पडला, कंबर मोडली, आणि हाडं जुळली तरी माणूस काही जुळला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी खुर्ची होती, त्या खुर्चीत तो होता. दोघांच्याही संसाराचं काही जमलं नव्हतं. त्यावर दोघं बोलत नसत. बाकी सगळ्यावर बोलत.

"तू एकदा तरी बस गं. बघून बघून मला धाप लागते."

"आणि तू एकदा तरी ऊठ. बघून बघून मला मुंग्या येतात."

मग ससा आला. नाटकगृहात एक जादूगार खेळ करायचा. त्यानं गाशा गुंडाळला आणि टोपीतला ससा कुणाला हवाय म्हणून चौकशी केली. दादा फोनवर हो म्हणून बसला. भिंगरीला विचारलंसुद्धा नाही. ससा पांढरा, गुबगुबीत, आणि घरभर असा हिंडायचा की जणू घराचे कागद त्याच्याच नावावर आहेत. दादानं त्याचं नाव ठेवलं लाटसाहेब.

आला तोच कानांत रोग घेऊन. तपकिरी खपल्यांचे थर, आणि सारखं डोकं झाडणं. जनावरांची डॉक्टरीण तरुण होती, तुटक बोलायची. कानात बारीक किडे आहेत, म्हणाली. इंजेक्शन दिलं, दोन आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितलं. पिंजऱ्यातलं गवत, फडकी सगळं बदलायला लावलं.

"आणि खपल्यांना हात लावायचा नाही. खाली कातडी सोललेली असते. किडे मेले की आपोआप पडतील."

भिंगरीच्या बोटांची नुसती तगमग झाली. समोर खपली दिसतेय आणि काढायची नाही! ती सशाजवळून जाताना हात पाठीमागे बांधून जायची. दादाला हसू आवरायचं नाही. खपल्या खरंच आपोआप पडल्या. खालचे कान गुलाबी, स्वच्छ निघाले.

त्या काळात आणखी एक गोष्ट झाली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या माणसानं दादापुढे कधीच हात टेकले होते. पण लाटसाहेब गॅलरीत अडकला, की दादा काठी घेऊन उठायचा. त्याला गवत घालायला उठायचा. पाणी बदलायला उठायचा. कुरकुरत, शिव्या घालत, पण उठायचा. भिंगरी ते स्वयंपाकघरातून बघायची आणि भांडी उगाच आपटायची, म्हणजे आपण बघतोय हे त्याला कळू नये. ससा गेला तर दादा पुन्हा त्या खुर्चीत जाईल, आणि या खेपेला उठणार नाही. हे ती कुणाला बोलली नाही. मनात मात्र ते सतत कुरतडत राहायचं.

उन्हाळा लागला. लाटसाहेबाची मागची बाजू मळायला लागली.

ससा लठ्ठ झाला होता. गवताकडे ढुंकून बघत नसे. दादा त्याला बिस्किटं द्यायचा, घरात केळं असलं की तेही द्यायचा, वर "बिचाऱ्याचं कोण आहे" म्हणायचा. शेपटीखाली मऊ लेंड्यांचा चिखल साचायचा. त्या पांढऱ्या केसांत तो तपकिरी डाग. भिंगरीला तो सकाळी उठल्या उठल्या दिसायचा.

डाग म्हटल्यावर संपलंच. कामावर निघायच्या आधी ती लाटसाहेबाला मोरीच्या कडेवर धरायची, कोमट पाणी, नाजूक कपड्यांचा साबण, स्पंज. शेपटीखालचं सगळं लखलखीत. टॉवेलनं दोनदा टिपायची, पिंजऱ्यात सोडायची, चपला पायात सरकवायची आणि जिना उतरायची. रोज. डाग दिसत नव्हता. तिला वाटलं, जिंकले.

वरचे केस कोरडे दिसायचे. आतले, कातडीलगतचे, दाट केस दिवसभर ओले राहायचे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती गॅलरीची जाळी पुसत होती. लाटसाहेब कोपऱ्यात बसला होता. सकाळचं बिस्किट तसंच पडलं होतं. सशाभोवती हिरव्या चमकदार माश्या होत्या. त्यानं बिस्किट सोडलं, याचाच तिला आधी धक्का बसला. तिनं त्याला उचललं, उलटा केला, केस बाजूला सारले.

कातडी हलत होती.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई धावत वर आली. दादा खुर्चीतून ओरडत होता, "काय झालं? अगं, काय झालं ते सांग ना!"

"अळ्या," भिंगरी म्हणाली. "दादा, याच्या अंगात अळ्या पडल्यात."

शिंपीणबाईनं एक नजर टाकली, तोंडाला पदर लावला, खाली गेली आणि औषधाची छोटी नळी घेऊन वर आली. "माझ्या कुत्र्याला गोचिड्या झाल्या होत्या ना, तेव्हाचं आहे. मानेवर एक थेंब टाकायचा. काम तमाम."

भिंगरीच्या हाताला काहीतरी करायला हवंच होतं. तिनं टोपण उघडलं.

"थांब!" दादा गरजला. "आधी फोन लाव. आधी विचार."

"विचारत बसेपर्यंत हा मरेल!"

"फोन लाव म्हणतो ना मी!"

तिनं लावला. डॉक्टरीणबाईंनी तिचं बोलणं अर्ध्यावर तोडलं.

"त्या नळीतलं काही टाकलंत?"

"नाही अजून."

"टाकू नका. कुत्र्याचं ते औषध सशाचा जीव घेऊ शकतं. पाण्यात बुडवू नका. दिसतील तेवढ्या अळ्या चिमट्यानं काढा, कोरड्या कपड्यात गुंडाळा आणि निघा. संध्याकाळी नाही, उद्या नाही. आत्ता. मी दवाखाना उघडते."

शिंपीणबाईनं नळी मुकाट्यानं कमरेला खोचली. मग स्वतःच दिवा धरून उभी राहिली. भिंगरीनं भुवयांचा चिमटा घेतला आणि एकेक अळी उचलून वाटीत टाकली. तिचे हात कापत नव्हते. लाटसाहेब हूं की चूं करत नव्हता, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

"मी येतो," दादा म्हणाला.

"तू कुठे येणार? तीन जिने काय तुझा ससा उतरवणार?"

हे बोलून झाल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली. पण वेळ नव्हता. तिनं कपड्यांच्या टोपलीत टॉवेल पसरले, ससा ठेवला आणि निघाली.

दवाखाना दोन चौक पलीकडे. ती चालली नाही, धावली. डॉक्टरीणबाईंनी दार उघडून टोपली हातातून घेतली. आधी दुखणं थांबवायचं इंजेक्शन, मग सलाइन. मग केस कापायचं यंत्र. मागची सगळी बाजू केस काढून उघडी केली तेव्हा भिंगरीनं पाहिलं. कातडी लाल होती, दोन जागी कुरतडलेली होती.

"माशी ओल्या, घाणेरड्या जागेवर अंडी घालते," डॉक्टरीणबाई चिमटा चालवत म्हणाल्या. "या हवेत काही तासांत अळ्या होतात. मग त्या आत शिरतात. जागा घाण होती?"

"घाण?" भिंगरीला ते वर्मी लागलं. "रोज धूत होते मी. साबण लावून. रोज!"

चिमटा थांबला. "रोज धूत होतात. आणि कोरडा करत होतात?"

"पुसत होते."

"कातडीपर्यंत? बोट आत घालून बघत होतात?"

लॉन्ड्रीत जराशी दमट चादर घडीत सापडली, तर ती मुलींच्या अंगावर भिरकावायची. चोवीस तास मशीन चालणाऱ्या त्या जागेत तिचं हे एकच ओरडणं असायचं. दमट घडी म्हणजे वास, दमट घडी म्हणजे बुरशी. तीच ही बाई रोज सकाळी दमट ससा पिंजऱ्यात ठेवून कामावर पळत होती.

"मीच केलं हे," ती म्हणाली.

तेवढ्यात दारावर काठी आपटली.

दादा दारात होता. घरातल्या सपाता, बनियन, घामानं निथळणारा चेहरा. त्याच्यामागे शिंपीणबाई दोन्ही हात पुढे करून उभी होती, पडलाच तर झेलायला. भिंगरी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तीन जिने. दोन चौक. या माणसानं वर्षभरात उंबरा ओलांडला नव्हता.

"जिवंत आहे?" दादानं विचारलं.

"आहे अजून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याला खायला कोण घालतं?"

"मी."

"काय घालता?"

"गवत."

"दादा!" भिंगरी म्हणाली.

"आणि बिस्किट. एखादं."

"एखादं? पुडा संपतो तुझा!"

"अगं, तो मागतो तर—"

"तो मागतो! तो बोलतो का तुझ्याशी? दादा, बिस्किट द्या, असं म्हणतो?"

"तुझ्यापेक्षा बरा बोलतो."

"भांडायचं तर बाहेर," डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता सांगितलं. "ऐका. ससा लठ्ठ झाला की त्याचं तोंड मागे पोचत नाही. स्वतःच्या मऊ लेंड्या तो खातो, खायलाच हव्यात, पण मग त्या त्याला खाता येत नाहीत. गोडानं पोटही बिघडतं. मग चिखल होतो. तो तुम्ही केलात. ओलावा यांनी केला. माशी फक्त येऊन बसली."

दादा बाकावर टेकला. त्याची बोटं काठीवर थरथरत होती.

सगळं साफ झालं, सुकवलं, औषध लागलं. लाटसाहेब आता अर्धा ससा दिसत होता, पुढून पांढरा आणि मागून सोललेला.

"याला मांडीवर घेऊन स्वस्थ बसायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऊब हवी आणि हालचाल नको. ससा भीतीनंही जातो. तो आपण होऊन काही खाईल तेव्हा मला सांगा." त्यांनी दादाच्या हातांकडे पाहिलं. "तुम्ही नको." मग त्या भिंगरीकडे वळल्या. "तुम्ही बसा."

भिंगरी बसली.

कोपऱ्यात नळ ठिबकत होता. तिनं तो बंद केला नाही. पलीकडच्या स्टुलावर फडकी वेडीवाकडी पडली होती. ती पडू दिली. डॉक्टरीणबाईंच्या बाहीवर आयोडीनचा तपकिरी ठिपका होता. तो कशानं निघेल हे तिला ठाऊक होतं, आणि तिनं नजर वळवली. पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. मांडीवर एक छोटं काळीज भराभर उडत होतं. तिचंही तसंच उडत होतं. आपली धडधड त्याला जाणवेल, या भीतीनं ती श्वाससुद्धा हळू घ्यायला लागली. दादा शेजारी सरकून गवताची काडी सशाच्या नाकासमोर धरून बसला.

खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरलं. शिंपीणबाई चहा घेऊन आली. तो तसाच गार झाला.

मग लाटसाहेबाचं नाक हललं. काडीचं टोक त्याच्या तोंडात गेलं आणि ती हळूहळू आखूड व्हायला लागली.

"डॉक्टर," दादा कुजबुजला. "खातोय."

"आणखी द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदा हसल्या. "पण अजून धोका टळलेला नाही. काही दिवस बघावं लागेल. रोज सकाळ-संध्याकाळ याची मागची बाजू तपासायची. खिडक्यांना जाळ्या, पिंजरा कोरडा, गवत भरपूर, बिस्किट बंद. आणि हे सगळं एकाच माणसानं करायचं. दोघांनी केलं की दोघांनाही वाटतं, दुसऱ्यानं केलं असेल. कोण करेल?"

"मी," भिंगरी म्हणाली.

"मी," दादा म्हणाला. "ही कामावर पळते. मी घरी असतो. मी करेन."

भिंगरीनं तोंड उघडलं. मिटलं. "हा करेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून दारात उभी होती. दादा पलंगाच्या कडेवर बसला होता. लाटसाहेबाला त्यानं आडवा घेतला होता, म्हणजे घ्यायचा प्रयत्न चालला होता. एक पाय सुटायचा, मग दुसरा. कापूस खाली पडला. दादा काठीनं तो ओढायला लागला. कापूस पलंगाखाली गेला. भिंगरीनं स्वतःचे दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. तिच्या हातानं हे सगळं कधीच उरकलं असतं.

"जा की कामाला," दादा म्हणाला.

"जाते."

ती गेली नाही. दादानं नवा कापूस घेतला. चष्मा नाकावर नीट बसवला. एकेक भाग न्याहाळत, बोटानं चाचपत, तो इतका वेळ लावत होता की खाली रस्त्यावर तिला न्यायला आलेली लॉन्ड्रीची गाडी दोनदा भोंगा वाजवून निघून गेली.

"कोरडा आहे," शेवटी तो म्हणाला. "काही नाही. स्वच्छ."

"शेपटीखाली?"

"बघितलं."

"कातडीच्या घडीत? त्या डाव्या घडीत?"

दादानं तिच्याकडे पाहिलं. काहीतरी खमंग बोलणार होता, पण बोलला नाही. त्यानं ससा पुन्हा हळूच उलटा केला आणि चष्मा सारखा करून खाली वाकला.

भिंगरी दारातच उभी राहिली.