आबांची उलटी झोप

शेवगावच्या बाजारात धान्य मापून देणारा एक मापाडी होता, किसन त्याचं नाव. त्याची बायको सोनाबाई, लेक गया, म्हणजे मी. घरात सगळं बेताचं, झोप तेवढी पोत्यानं. पण ती यायची भर दिवसा! माझ्या आबांना यकृताचं जुनं दुखणं. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं. रात्रभर अंग खाजवत जागायचे आणि उजाडलं की पेंगायचे. लोक म्हणायचे, दारू! आबांनी तर उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. पण तेवढ्यावरून मला बघायला आलेली दोन स्थळं दारातनंच माघारी गेली. मग काय, लोकांच्या तोंडाला पुरून उरायचं, हेच आमचं काम झालं. त्यातनं किस्से इतके साठलेत की एक काढला तर त्याच्या पदराला धरून दुसरा येतो.

*

नगरच्या डॉक्टरनं आबांचं पोट दाबून बघितलं. म्हणाला, "दारू सोडावी लागेल."

आबा म्हणाले, "सोडतो की! पन सोडायला आदी धरावी लागंल. तेवढी सवड द्या!"

डॉक्टर ओशाळला. मग नीट समजावून सांगू लागला, "या दुखण्यात झोप उलटी होते. रात्रीची दिवसा येते."

आईनं ऐकलं ते फक्त 'उलटी होते' एवढंच! घरी आल्याबरोबर तिनं आबांची उशी उचलून पायथ्याला ठेवली. चार दिवस आबा मुकाट्यानं तसे पडून राहिले. पाचव्या दिवशी म्हणाले, "अगं, झोप हुती तशी उलटीच हाय. आता मी बी उलटा झालो!"

*

ते लढाईचे दिवस. रॉकेल कंट्रोलवर, घरोघरी अंधार. शेजारची भागाकाकू विहिरीवर चारचौघींत म्हणाली, "किसन मापाडी रातभर जागा असतो म्हनं. करनीबिरनी करतो का काय!"

आईनं भरलेली घागर खाली ठेवली. "माजा नवरा जागून काय करतो ते इचारतीस व्हय? तुजा नवरा झोपून काय दिवे लावतो? रॉकेल न्हाई म्हनून बरं, न्हाईतर सगळ्या गल्लीला दिसलं असतं!"

त्यानंतर भागाकाकू महिनाभर दुसऱ्या विहिरीवर पाण्याला जायची.

*

बाजाराच्या दिवशी आबा पायलीनं बाजरी मापता मापता पेंगले. पायली हातातच, डोळे मिटलेले. अडत्या खेकसला, "हे काय चाललंय? उद्यापासनं दुसरा मापाडी!"

बाजरी होती पाथर्डीकडच्या एका म्हाताऱ्याची. तो पोत्यावर ठाण मांडून बसला. "माझं माप ह्योच करंल! घटकाभर झोपू द्या त्याला."

"अहो, तो झोपतोय, बाबा!"

"झोपू दे की! तुमचे जागे मापाडी माझी बाजरी खात्यात. झोपलेला मानूस खानार कसा?"

आबांचं काम टिकलं.

*

तिसरं स्थळ बेलापूरचं. मामानं आईला बजावलं, "ताई, ह्ये बी स्थळ गेलं तर पोरगी घरात ऱ्हाईल. पाव्हने येतील तवा दाजींना मागच्या खोलीत निजवा."

आबा खाली बघत उठले. मला लई राग आला. त्या काळी पोरी मोठ्यांपुढं बोलत नसत, पण मी बोलले. "आबा मागं, तर मी बी मागं! पाव्हन्यांनी मामाला पसंत करावं!"

आबा फेटा बांधून पुढच्या खोलीत बसले.

*

पाहुणे नेमके दुपारी आले. आबांनी रामराम घातला, दोन शब्द बोलले आणि भिंतीला टेकून घोरायला लागले. मामा घामानं भिजला. आईनं पदराचं टोक दातात धरलं. मी पाटावर, मान खाली.

मुलाचा बाप धान्याचा व्यापारी. आबांकडं बघत बघत त्यानं मामाला विचारलं, "बरं, ही पोरगी आमच्या घरात आली, तर आमाला काय मिळंल?"

तेवढ्यात झोपेतच आबांचा हात हलला, पायली भरल्यासारखा. आता मापाडी पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नाही, शुभ शब्द घेतो. आबा खणखणीत आवाजात म्हणाले,

"लाभ!"

व्यापारी ताडकन उठला आणि बायकोवर ओरडला,

"अगं, बघतीस काय! त्यो 'दोन' म्हनायच्या आत कुंकू लाव पोरीला!"