गोण्यांमागची दोरी

कामशेतच्या बाजारात हमाली करत मी स्वतःचं तांदळाचं दुकान उभं केलं. माल हातात घेतल्याशिवाय मी भाव बोलत नाही. पण मुलीच्या शाळेत आलेल्या आरोग्य शिबिराच्या बाईंनी संमतीचा कागद पुढे केला, तेव्हा मी घासाघीस केली ती फक्त वेळेवर. "मुली मोबाईलवर फोटो आणि आवाज जोडून आपापली गोष्ट करतील," त्या म्हणाल्या. मी चार रविवारांचे तीन करून घेतले आणि सही ठोकली. गोष्ट कसली, ते विचारलंच नाही. त्यांनीही सांगितलं नाही, याचा राग मला आजही आहे.

शेवटच्या रविवारी पालकांना बोलावलं. पडद्यावर माझ्याच गोदामाचा फोटो आला. रचलेल्या गोण्या, त्यांच्यामागे बांधलेली दोरी. नाव नाही, चेहरा नाही. आवाज माझ्या मुलीचा.

"मी तेरा वर्षांची होते. पाळीत चुकून नव्या भाताच्या राशीला हात लागला. 'सर मागं! रास बाटवलीस!'"

तिने माझा सूर असा हुबेहूब काढला की मागची दोघं फिस्सकन हसली.

"पाळीचं कापड कुणाला दिसू नये म्हणून मी या दोरीवर, अंधारात वाळवायचे. ते ओलंच राहायचं. खाज सुटली, जळजळ व्हायला लागली. राशीला शिवल्याची शिक्षा समजून तीन महिने गप्प राहिले. डॉक्टर म्हणाल्या, हा दमट कापडाने झालेला संसर्ग आहे."

त्या गोण्यांपाशी मी रोज उभा असायचो.

"तुला म्हाईत व्हतं?" मी बायकोला विचारलं.

"दवाखान्यात मीच नेली न्हवं. तुमाला सांगून काय, आणिक वरडायलाच ना?"

बाहेर बाईंनी गाठलं. आंदर मावळातल्या शाळांत ही गोष्ट दाखवायची होती. मुलगी तयार होती. माझी परवानगी हवी होती.

"ते ओरडणं काढा, मग बघू," मी म्हणालो.

"पप्पा, ते काढलं तर मी कापड का लपवलं, ते कसं कळणार?" मुलगी म्हणाली.

"मग गोदामाचा फोटो तरी काढून टाक."

"नाही."

"बाजारात मला तोंड दाखवायचंय, पोरी!"

"तिथल्या मुलींना कुणी सांगायचं?"

ती जागची हलली नाही. मी बाईंच्या हातातलं पेन हिसकावून परवानगीच्या कागदावर इतक्या जोरात सही केली की तो फाटला.

"दुसरा देते," बाई म्हणाल्या.

मुलगी बघत होती. मी पुन्हा सही केली.